ब्रिटनमधल्या गाजलेल्या लुटींवर लिहायचंय? आधी गुन्ह्याचं नाव ठरवा, मग आकडा

इंग्रजी वर्तमानपत्रं ‘रॉबरी’ हा शब्द फार सैल हाताने वापरतात. आपण त्याचं मराठी करताना सरसकट ‘दरोडा’ लिहून मोकळे होतो आणि तिथेच पहिली चूक होते. आपल्याकडे चोरी, घरफोडी, जबरी चोरी आणि दरोडा हे चार वेगळे गुन्हे आहेत. साध्या एनसीआरपासून (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) एफआयआरपर्यंत कागद पाहिलेल्या कोणालाही हा फरक ठाऊक असतो. ब्रिटनमधल्या एखाद्या प्रसिद्ध प्रकरणावर लेख, व्हिडिओ किंवा पॉडकास्ट करायचा असेल तर कामाचा क्रम असा ठेवा: आधी गुन्ह्याचा प्रकार, मग रक्कम, मग तारीख आणि सगळ्यात शेवटी गोष्ट. उलट्या क्रमाने गेलात की गोष्ट डोक्यात इतकी घट्ट बसते की पुढचे पुरावे तिला जुळवून घेतले जातात.

नाव ठरवताना

इंग्लंड आणि वेल्ससाठी १९६८चा थेफ्ट ॲक्ट आधाराला घ्या. त्याच्या कलम ८ प्रमाणे ‘रॉबरी’ होण्यासाठी दोन गोष्टी लागतात: चोरी झाली पाहिजे, आणि ती करताना किंवा करण्याच्या लगेच आधी, चोरी करता यावी म्हणून, बळ वापरलं गेलं पाहिजे किंवा कोणाला तरी बळाची भीती घातली गेली पाहिजे. कलम ९ ‘बर्गलरी’चं आहे, म्हणजे चोरीसारख्या हेतूने इमारतीत बेकायदा शिरणं. त्याला आपला जवळचा शब्द घरफोडी. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, उत्तर आयर्लंडचाही वेगळा. १९६८च्या आधीच्या प्रकरणांना १९१६चा लार्सनी ॲक्ट किंवा त्याहून जुने नियम लागू होतात.

मराठीत ‘दरोडा’ म्हणजे पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी. भारतीय दंड संहितेत तेच होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० मध्येही तेच आहे. जबरी चोरी कलम ३०९ मध्ये. ब्रिटिश कायद्यात माणसं मोजण्याची ही अट नाही. म्हणून मराठी शब्द निवडताना दोन प्रश्न विचारा. बळ वापरलं का? वापरलं असेल तर किती जण होते?

आता हीच कसोटी लावून पाहा.

१८५५ची ‘ग्रेट गोल्ड रॉबरी’ नावाने रॉबरी आहे, पण कोणालाही धक्का लागला नाही. चालत्या गाडीत खोट्या किल्ल्यांनी तिजोऱ्या उघडून सोनं काढलं आणि त्याजागी शिशाचे छर्रे भरले. ही चोरी. २०१५चं हॅटन गार्डन प्रकरण ईस्टरच्या सुट्टीत, रिकाम्या इमारतीत झालं. शिक्षा झाली ती घरफोडीच्या कटाबद्दल. त्यालाही दरोडा म्हणू नका. २ मे १९९० रोजी लंडनच्या निकोलस लेनमध्ये एका निरोप्याला चाकू दाखवून २९ कोटी २० लाख पौंड दर्शनी किमतीचे रोखे हिसकावले गेले. हल्लेखोर एकटा होता, म्हणजे जबरी चोरी. २६ नोव्हेंबर १९८३ला हीथ्रोजवळच्या ब्रिंक्स-मॅट गोदामात सहा जण घुसले, रखवालदारांवर पेट्रोल ओतून पेटवण्याची धमकी दिली. आपल्या व्याख्येने हा दरोडा. १९६३च्या टपालगाडीच्या लुटीचंही (‘ग्रेट ट्रेन रॉबरी’) तेच.

शब्द बरोबर निवडला की अर्धी गोष्ट आपोआप कळते. गोल्ड रॉबरीच्या निकालात हे फार स्वच्छ दिसतं. विल्यम पियर्स हा कटाच्या सूत्रधारांपैकी एक, तरी त्याला मिळाली दोन वर्षं. गाडीचा गार्ड जेम्स बर्जेस आणि कचेरीतला कारकून विल्यम टेस्टर यांना १४ वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. कारण पियर्स त्या वेळी रेल्वेच्या नोकरीत नव्हता, त्यामुळे त्याच्यावर साध्या चोरीचाच गुन्हा बसत होता. इतर दोघांनी मालकाचा माल चोरला होता आणि त्याला कायद्यात जबर शिक्षा होती. हा तपशील ‘दरोडा’ या शब्दाखाली पुरता गाडला जातो.

आकडा: कोणता, कशाचा, कधीचा

प्रत्येक प्रकरणात किमान चार आकडे असतात: तिथे किती होतं, किती नेलं, किती परत मिळालं आणि पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी किती छापलं. चौथा आकडा सगळ्यात जास्त पसरतो आणि सगळ्यात कमी खरा असतो. हॅटन गार्डनच्या वेळी सुरुवातीला २० कोटी पौंडांपर्यंतचे अंदाज छापून आले, न्यायालयात तो आकडा सुमारे १ कोटी ४० लाखांवर आला. लॉकर फोडल्यावर असं होतंच, कारण आत काय होतं हे फक्त मालकाला माहीत असतं आणि काही मालक तक्रारच करत नाहीत. उलट केंटमधल्या टनब्रिजच्या सिक्युरिटास डेपोतून २१-२२ फेब्रुवारी २००६च्या रात्री गेलेली रक्कम पौंडापर्यंत मोजलेली आहे: ५,३१,१६,७६० पौंड. रोकड मोजणाऱ्या केंद्रात हिशोब नोंदवलेलाच असतो. तिथे मागे उरले सुमारे १५ कोटी ४० लाख, कारण ट्रकमध्ये जागा उरली नव्हती.

दर्शनी किंमत हा वेगळाच सापळा आहे. निकोलस लेनच्या २९ कोटी २० लाखांचा उल्लेख ‘ब्रिटनमधली सर्वात मोठी लूट’ असा केला जातो. पण ते ३०१ कागद होते, त्यांचे क्रमांक जगभर कळवले गेले आणि दोन सोडून सगळे परत मिळाले. रोख रकमेच्या यादीत त्यांना बसवू नका. ‘सर्वात मोठी’ असं लिहायचंच असेल तर कशात मोठी ते सांगा: रोख, सोनं, की कागद. आणि बेलफास्टची नॉर्दर्न बँक (२० डिसेंबर २००४, २ कोटी ६५ लाख पौंड) ‘ब्रिटनमधली’ नव्हे. उत्तर आयर्लंड युनायटेड किंगडममध्ये आहे, ग्रेट ब्रिटनमध्ये नाही.

रूपांतर करताना दर वेळी पाय घसरतो तो मिलियनवर. एक मिलियन म्हणजे दहा लाख, त्यामुळे २.६ मिलियन म्हणजे २६ लाख आणि २६ मिलियन म्हणजे २ कोटी ६० लाख. टपालगाडी आणि ब्रिंक्स-मॅट या दोन प्रकरणांत नेमके हेच दोन आकडे आहेत, त्यामुळे एका शून्याची चूक सहज खपून जाते.

१५ फेब्रुवारी १९७१च्या आधीची रक्कम पौंड-शिलिंग-पेन्समध्ये असते: १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. आपल्या रुपये-आणे-पै सारखंच. अर्धा पौंड म्हणजे १० शिलिंग, ‘५० पेन्स’ लिहिलंत तर काळ चुकला.

रुपयात सांगायचं असेल तर त्या वर्षीचा दर घ्या. १९२७पासून रुपया १ शिलिंग ६ पेन्सला बांधलेला होता आणि जून १९६६च्या अवमूल्यनापर्यंत तो तसाच राहिला. म्हणजे पौंडाला १३ रुपये ३३ पैसे. टपालगाडीची लूट १९६३च्या हिशोबात साडेतीन कोटी रुपयांच्या आसपास येते. आजच्या विनिमय दराने २६ लाख पौंडांना गुणून काढलेला आकडा कोणत्याच काळाचा नसतो. वाचकाला आजची किंमत सांगायची असेल तर आधी बँक ऑफ इंग्लंडच्या महागाई गणकयंत्रात पौंड आजच्या पौंडात आणा, मगच रुपयात न्या, आणि कोणत्या वर्षापर्यंत हिशोब केला ते लिहा. टपालगाडीची रक्कम त्या पद्धतीने ५ कोटी पौंडांच्या पुढे जाते.

सोन्याचं वजन: कागदावर करून पाहायचा हिशोब

१५ मे १८५५ला लंडन ब्रिजहून फोकस्टनला जाणाऱ्या गाडीतून गेलेलं सोनं १२,००० पौंडांचं होतं असं सगळीकडे आढळतं, आणि वजन २२४ पौंड. इथे एकाच शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर आहेत, चलनाचा पौंड आणि वजनाचा पौंड. शिवाय वजनाचेही दोन पौंड: व्यवहारातला ४५३.६ ग्रॅमचा आणि सोनारकामाचा ट्रॉय पौंड, ३७३.२ ग्रॅमचा. कोणता?

भावावरून ताळा करा. त्या काळी २२ कॅरट सोन्याचा टांकसाळीचा भाव ट्रॉय औंसाला ३ पौंड १७ शिलिंग १०½ पेन्स होता, म्हणजे दशांशात ३.८९ पौंड. १२,००० भागिले ३.८९ म्हणजे सुमारे ३,०८० औंस. एक ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा, म्हणून सुमारे ९६ किलो. आता २२४ पौंड व्यवहारी मापाने १०१.६ किलो होतात, ट्रॉय मापाने ८३.६. पहिला आकडा ९६ च्या जवळ बसतो. थोडा फरक राहणारच, कारण पेट्यांतलं सगळं सोनं एकाच शुद्धतेचं असेल असं धरता येत नाही. पण ‘सुमारे १०० किलो’ लिहायला एवढा ताळा पुरेसा आहे.

या प्रकरणात वजन हाच मुख्य साक्षीदार आहे, म्हणून त्यावर वेळ घालवायलाच हवा. पेट्या लंडनला तोलल्या, फ्रान्सच्या बुलोन बंदरात तोलल्या, पॅरिसला तोलल्या. बुलोन आणि पॅरिसची वजनं एकमेकांशी जुळली, लंडनच्या वजनांशी जुळली नाहीत. एक पेटी तर तब्बल ४० पौंडांनी हलकी भरली. चोरी इंग्लिश खाडीच्या कोणत्या बाजूला झाली यावर इंग्रज आणि फ्रेंच रेल्वे कंपन्या भांडत होत्या, आणि उत्तर त्या तीन नोंदींत होतं.

असाच ताळा ब्रिंक्स-मॅटला लावा. सोनं ३ टन, लगडी ६,८००, पेट्या ७६. तीन हजार किलोंना ६,८०० ने भागलं की एका लगडीला सरासरी ४४० ग्रॅम येतात. बँकांच्या तळघरात दिसतात त्या मोठ्या विटा साडेबारा किलोच्या असतात, तशा असत्या तर ३ टनांत २४० च झाल्या असत्या. तरीही या प्रकरणाच्या लेखासोबत त्याच मोठ्या विटांचं चित्र टाकलं जातं. तुम्ही टाकू नका.

टपालगाडी: एक प्रकरण शेवटपर्यंत लावून पाहा

कोणतंही प्रकरण हातात घेतलं की एका पानावर फक्त जागा, वेळ आणि अंतर लिहून काढा. माणसं नंतर. १९६३च्या टपालगाडीचं ते पान साधारण असं होईल.

७ ऑगस्ट, संध्याकाळी ६.५०: गाडी ग्लासगो सेंट्रलहून सुटते. ही ‘ट्रॅव्हलिंग पोस्ट ऑफिस’, आपल्या आरएमएससारखी (रेल्वे टपाल सेवा), चालत्या डब्यांत टपालाची वर्गवारी करणारी. डबे १२. इंजिन डी३२६, डिझेल. इंजिनापासून दुसरा डबा मौल्यवान पाकिटांचा. नेहमी त्यात ३ लाख पौंडांच्या आसपास रक्कम असायची. ५ ऑगस्टच्या सोमवारी बँकांना सुट्टी होती, म्हणून या फेरीला ती कित्येक पटींनी वाढलेली. ही सुट्टी कॅलेंडरवर तपासायला विसरू नका. इंग्लंडमधली ऑगस्टची बँक सुट्टी आता महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येते. १९६३ला ती पहिल्या सोमवारी होती, आणि आजचं कॅलेंडर लावलंत तर रक्कम का वाढली याचं कारणच हातातून निसटतं.

८ ऑगस्ट, गुरुवार, पहाटे ३ नंतर लगेच: बकिंगहॅमशायरमधल्या लेडबर्नजवळ सिअर्स क्रॉसिंगला सिग्नल लाल. हिरव्या दिव्यावर हातमोजा चढवलेला आणि लाल दिवा बॅटरीवर पेटवलेला. चालक जॅक मिल्स गाडी थांबवतो. सहायक डेव्हिड व्हिटबी रुळाकडेच्या फोनवरून सिग्नलमनला विचारायला उतरतो, तर फोनची तार कापलेली. इंजिन आणि पुढचे दोन डबे सोडवून साधारण अर्धा मैल पुढे, ब्राइडेगो पुलापर्यंत नेले. टोळीने आणलेल्या चालकाला हे इंजिन हलवता आलं नाही, तेव्हा डोक्यावर दांडक्याने मारलेल्या मिल्सलाच ते चालवायला लावलं. १२८ पैकी १२० पोती पुलाखालच्या रस्त्यावर उतरवली.

इथे थांबून नकाशा उघडा. रुळ भरावावर, रस्ता खाली, म्हणून पुलाशी नेणं भाग होतं. सिग्नल मात्र हवा त्या ठिकाणी नव्हता. दोन जागांमधल्या त्या अर्ध्या मैलामुळे चालक लागला, आणि चालक लागला म्हणून मिल्सवर तो प्रसंग आला. घटनाक्रम असा जागांवरून उलगडला की कोणाच्याही ‘मास्टरप्लॅन’चं कौतुक करावं लागत नाही.

लूट ठेवली २७ मैलांवरच्या लेदरस्लेड फार्मवर. जाताना टोळीने टपाल कर्मचाऱ्यांना अर्धा तास हलू नका असं बजावलं होतं. पोलिसांनी त्यावरूनच अड्डा अर्ध्या तासाच्या अंतरात असावा असा तर्क केला. १३ ऑगस्टला शेजारच्या गुराख्याने दिलेल्या माहितीवरून फार्म सापडला, आणि मोनोपोलीचा पट, केचपची बाटली अशा वस्तूंवर बोटांचे ठसे.

आता रक्कम. २६,३१,६८४ पौंड आणि २५,९५,९९७ पौंड १० शिलिंग असे दोन आकडे फिरतात. फरक ३५ हजारांहून थोडा जास्त. दोन्ही छापील मजकुरात आहेत, म्हणून एक निवडून दुसरा खोटा ठरवू नका. ‘सुमारे २६ लाख’ लिहा, किंवा दोन्ही द्या. परत मिळाले ४ लाखांहून कमी. त्यातले १,००,९०० पौंड १६ ऑगस्टला डॉर्किंगजवळच्या जंगलात पिशव्यांमध्ये सापडले.

शिक्षेबद्दल लिहिताना तीन तारखा वेगळ्या ठेवा: सुनावली कधी, अपिलात काय झालं, सुटका कधी. १६ एप्रिल १९६४ला न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांनी सात जणांना ३० वर्षं सुनावली. ‘३० वर्षं तुरुंगात काढली’ हे त्यावरून निघत नाही. काहींची शिक्षा अपिलात बरीच कमी झाली, ३० वर्षंवाल्यांपैकी बहुतेक सत्तरच्या दशकाच्या मध्याला बाहेर आले. रॉनी बिग्जने ८ जुलै १९६५ला वॉन्ड्सवर्थची भिंत ओलांडली, तो मे २००१मध्ये स्वतःहून परतला आणि ऑगस्ट २००९मध्ये आजारपणामुळे सुटला. वर्षानुवर्षं ब्राझीलमधल्या त्याच्या मुक्कामावर लिहिलं गेल्यामुळे तो म्होरक्या होता असा समज झाला आहे. तो नव्हता. योजना ब्रूस रेनॉल्ड्सची, आणि त्याला पकडायला १९६८ उजाडलं. बिग्जचं काम त्या निरुपयोगी ठरलेल्या चालकाला आणण्यापुरतं होतं.

आतली माहिती देणाऱ्या ‘अल्स्टरमॅन’ची नावं अधूनमधून पुढे येतात. त्यातलं एकही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. ते नाव लेखात घेऊ नका, ‘असं म्हणतात’ची पुस्ती जोडूनही नको. इंग्लंडच्या कायद्यात मेलेल्या माणसाच्या बदनामीचा दावा चालत नाही, पण त्याचं घर मागे असतंच.

आणि जॅक मिल्स. तो पुन्हा पूर्वीसारखा कामावर उभा राहू शकला नाही, १९७०मध्ये गेला. मृत्यूचं कारण ल्युकेमिया आणि न्यूमोनिया असं नोंदलं आहे, त्यामुळे ‘मारहाणीत मृत्यू’ हे लिहिणं चूक. पण म्हणून ‘रक्ताचा थेंब न सांडता’ हेही लिहिता येणार नाही. त्याच्या डोक्याला टाके पडले होते. लेखात बिग्जला जितक्या ओळी द्याल, तितक्या मिल्सलाही द्या.

१७५२च्या आधीचं असेल तर

ब्रिटनमध्ये १७५२पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, आणि इंग्लंडमध्ये कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. हे माहीत नसेल तर डिक टर्पिन या गाजलेल्या वाटमाऱ्याचं प्रकरण हमखास बिघडतं. त्याच्यावर यॉर्कमध्ये खटला चालला २२ मार्चला आणि फाशी झाली ७ एप्रिलला, मध्ये १६ दिवस. जुन्या हिशोबाने मात्र खटला १७३८मध्ये आणि फाशी १७३९मध्ये. एका कागदावर एक साल, दुसऱ्यावर दुसरं, आणि अंतर वर्षभराचं वाटू लागतं. जानेवारी ते २४ मार्चमधली तारीख दिसली की १७३८/३९ अशी दुहेरी लिहा.

टर्पिनबद्दल खरं-खोटं निवडायची सोपी रीत म्हणजे त्याच्या हयातीतल्या छापील नोंदींपासून सुरुवात करणं. जून १७३७मध्ये त्याच्यावर २०० पौंडांचं इनाम लागलं. त्या जाहिरातीतला टर्पिन धंद्याने खाटीक, उंची सुमारे ५ फूट ९ इंच, चेहऱ्यावर देवीचे व्रण. लंडन ते यॉर्क एका दमात दौडणारी ब्लॅक बेस घोडी तिथे कुठेच नाही. ती दौड विल्यम नेव्हिसन नावाच्या आधीच्या वाटमाऱ्याच्या नावावर सांगितली जायची, आणि टर्पिनला ती चिकटली १८३४च्या एका कादंबरीमुळे, म्हणजे फाशीनंतर ९५ वर्षांनी.

फाशी झाली तीही वाटमारीबद्दल नाही, घोडे चोरल्याबद्दल. जॉन पामर या खोट्या नावाने यॉर्कच्या तुरुंगात असताना त्याने मेव्हण्याला पत्र लिहिलं. टपालाचे पैसे तेव्हा पत्र घेणाऱ्याने भरायचे. यॉर्कमध्ये आपलं कोणी नाही म्हणून मेव्हण्याने ते घेतलंच नाही, पत्र सॅफ्रन वॉल्डनच्या टपालकचेरीत गेलं आणि तिथे जेम्स स्मिथने अक्षर ओळखलं. टर्पिनला लिहायला शिकवलं होतं ते त्यानेच. काल्पनिक घोडीपेक्षा हे कितीतरी पकड घेणारं आहे, आणि खरं आहे.

कागद कुठे मिळतात

ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयातल्या खटल्यांचे वृत्तान्त १६७४ ते १९१३ या काळातले इंटरनेटवर विनामूल्य आहेत. गोल्ड रॉबरीचा खटला जानेवारी १८५७चा, तोही त्यात आहे. शोधताना ‘हिंसक चोरी’च्या खान्यात थांबू नका, साध्या ‘चोरी’त पाहा. पहिल्या विभागात म्हटलेलं इथे कामाला येतं. आडनावाची स्पेलिंग दोन-तीन प्रकारे घालून पाहा. टर्पिन तिथे सापडणार नाही, खटला यॉर्कचा. टपालगाडीही नाही, ती एल्सबरीच्या असायझेस (फिरत्या) न्यायालयात चालली. कर्नल ब्लडने ९ मे १६७१ला लंडनच्या टॉवरमधून राजमुकुट नेण्याचा प्रयत्न केला, त्याचा तर खटलाच झाला नाही. दुसऱ्या चार्ल्सने त्याला माफी दिली आणि वर जमिनीही.

विसाव्या शतकासाठी लंडनच्या क्यू भागातलं नॅशनल आर्काइव्ह्ज, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागार. घरबसल्या त्यांच्या सूचीत शोधा: लंडन पोलिसांच्या फायली एमईपीओ, असायझेसच्या एएसएसआय, सरकारी अभियोक्त्यांच्या डीपीपी या अक्षरांनी सुरू होतात. सूचीत ‘बंद’ असं वर्ष दिसलं तर ती फाइल अजून खुली नाही, मात्र माहिती अधिकारात पुनर्विचार मागता येतो. वाचकपत्र मोफत, पण ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन मूळ पुरावे लागतात. आत फक्त पेन्सिल चालते. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात, तेव्हा प्रत्येक फायलीचा पहिला फोटो तिच्या मुखपृष्ठावरच्या क्रमांकाचा घ्या. नाहीतर घरी आल्यावर चारशे फोटोंतला कोणता कागद कोणत्या फायलीतला हे शोधण्यात आठवडा जातो. टपालखात्याच्या स्वतःच्या चौकशीचे कागद लंडनच्या पोस्टल म्युझियमच्या संग्रहात आहेत.

भारतीय वर्तमानपत्रं चाळायची असतील तर तारखेचं गणित करा. ब्रिटनची उन्हाळी पहाट ३ म्हणजे आपली सकाळ ७.३०. त्या दिवशीचे अंक तोवर छापून झालेले. शोध ९ ऑगस्ट १९६३पासून सुरू करायचा.

पुलापर्यंत जायचं असेल तर

लंडनच्या युस्टनहून चेडिंग्टनला उतरा. त्या रात्री गाडीच्या गार्डने मदतीसाठी गाठलं तेच हे स्टेशन. तिथून लेडबर्नच्या बाजूला गावरस्त्याने चालत किंवा सायकलने जाता येतं, पदपथ सगळीकडे नाही. पूल क्रमांक १२७ आजही वापरात आहे आणि वरून वेगवान गाड्या जातात, तेव्हा भरावावर चढू नका, तो गुन्हाही आहे. खालच्या रस्त्यावरूनच पाहा. लेदरस्लेड फार्म खासगी जागा आहे, तिथे जाऊन काही मिळत नाही. पुलाखाली उभं राहून वर बघा आणि रस्त्यापासून रुळापर्यंतची उंची डोळ्यांनी मोजा. अंदाजे अडीच टन वजनाची १२० पोती, प्रत्येक वीस किलोच्या वर, या उतारावरून माणसांनी हातोहात खाली दिली. त्या उताराचा एक फोटो बाजूने घ्या, समोरून घेतलेल्या फोटोत चढ दिसत नाही.